मुंगळ्याची राणी की बारीक मुंगीची? घरी पहिली वसाहत वाढवू पाहणाऱ्यांसाठी

मे संपता संपता वळवाच्या दोन सरी पडतात, संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा खच पडतो आणि मुंग्या पाळायची हौस असलेली माणसं खाली वाकून फरशी न्याहाळू लागतात. त्या खचात बरीचशी वाळवी असते. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, तिला कंबर नसते आणि मिशा सरळ असतात. मुंगीच्या राणीची कंबर बारीक, मिशा मध्येच कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. पंख गळालेली, फुगीर छातीची, जमिनीवर आडोसा शोधत धावणारी मोठी मुंगी दिसली, तर ती बहुधा मीलन उरकलेली राणी असते. बहुधाच म्हणतो, कारण मीलन न होताही काही राण्या पंख टाकतात. अशा राणीच्या अंड्यांतून निघालेच तर फक्त नर निघतात आणि वसाहत कधी उभी राहत नाही. म्हणून एका राणीवर भिस्त ठेवू नये. दोन-तीन ठेवाव्यात, वेगवेगळ्या काचेच्या परीक्षानळ्यांत.

भारतातल्या मुंग्यांच्या जाती-उपजातींच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत ८२८ नावं आहेत. घरी पाळण्याचा विचार करणाऱ्याच्या हाती त्यांतल्या मोजक्याच लागतात, आणि महाराष्ट्रात खरी निवड बहुतेकदा दोघींत होते. एक आपला ओळखीचा काळा मुंगळा, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. काही भागांत याला डोंगळाही म्हणतात. दुसरी अंगणात, कुंडीच्या बुडाशी, पायवाटेच्या कडेला बिळं करणारी तांबूस-तपकिरी बारीक मुंगी, जिच्या रांगेत मधूनच भलंमोठं डोकं घेऊन चालणाऱ्या सैनिक मुंग्या दिसतात. हिचा वंश फायडोली.

त्याआधी एक पर्याय बाद करून टाकू. ऑनलाइन दुकानांत निळं-हिरवं जेल भरलेला पारदर्शक डबा मिळतो. मुंग्या सोडा, त्या बोगदे खणतील, खायलाही जेलच, असं वेष्टनावर लिहिलेलं असतं. २००३ साली कोलंबिया यानातून, म्हणजे कल्पना चावला होत्या त्याच मोहिमेत, मुंग्या अशाच जेलमधून अवकाशात नेल्या होत्या. थोड्या दिवसांच्या प्रयोगाला ते ठीक. पण जेलमध्ये अळ्यांना लागणारं प्रथिन नसतं, आणि डब्यात सोडायच्या त्या रांगेतून उचललेल्या कामकरी मुंग्या, राणीविना. बोगदे होतात, काही आठवडे बरं दिसतं, मग एकेक मुंगी मरत जाते आणि तिची जागा घ्यायला कोणी जन्मत नाही. अमेरिकेत १९५६ पासून विकल्या जाणाऱ्या वाळूच्या चपट्या पेटीतही कामकरीच असत. वसाहत वाढताना पाहायची असेल तर सुरुवात राणीपासूनच करावी लागते.

वाढीचा वेग

मुंगळ्याची राणी दीड सेंटीमीटरपेक्षा मोठी असते. नळीत ठेवली की ती कोपरा धरते आणि थोड्याच दिवसांत अंडी घालते. त्यानंतर तुम्ही करायचं काम एकच: काही न करणं. ती काही खात नाही, तिला काही द्यायचंही नाही. पंखांचे जे स्नायू आता कधीच लागणार नाहीत ते आतल्या आत विरघळवून, अंगातल्या चरबीच्या जोडीने, ती पहिल्या अळ्यांना भरवते. अंड्यापासून पहिली कामकरी बाहेर यायला साधारण सहा आठवडे ते दोन महिने लागतात. पहिल्या पिढीत मोजक्याच कामकरी, त्याही लहानखुऱ्या. जूनमध्ये मिळालेल्या राणीभोवती दिवाळीला दहा-पंधरा मुंगळे असतील तर गाडी छान चालली आहे असं समजा. मोठ्या डोक्याचे दणकट मुंगळे बहुधा दुसऱ्या वर्षाच्या आधी दिसत नाहीत.

फायडोलीची राणी सेंटीमीटरभरही नसते. तीही स्वतःला कोंडून घेते, तीही उपाशी राहते, पण तिच्या पहिल्या कामकरी महिन्याभरात बाहेर येतात आणि मग वाढ थांबत नाही. पुढचा पाऊस येईतो काही शे मुंग्या सहज. पहिल्याच काही महिन्यांत सैनिक दिसू लागतात. एक मेलेला डास टाकला तर दोन मिनिटांत त्याच्याभोवती गर्दी होते, ओढाताण सुरू होते, कोणीतरी पाय तोडून घेऊन जाते. नाट्य हवं असेल तर ते इथे आहे.

मग प्रत्येकाने फायडोलीच का घेऊ नये? नाट्य दिसायला भिंग लागतं. कामकरी दोन-तीन मिलीमीटरची. तिच्या अळ्या म्हणजे डोळ्यांना नुसता पांढरा रवा. मुंगळ्याचं सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं: अंडी चाटून एकत्र ठेवणं, अळीला उचलून कोरड्या जागी नेणं, दोघींनी तोंडाला तोंड लावून गोड रस देणं-घेणं. त्यात मुंगळ्याची अळी स्वतःभोवती रेशमी कोष विणते, पिवळट-तपकिरी कागदी गोळीसारखा, आणि वेळ आली की कामकरी तो फाडून आतल्या बहिणीला बाहेर काढतात. फायडोलीची अळी कोष विणतच नाही, सगळं उघड्यावरच होतं. आतली मुंगी रोज थोडी काळवंडताना दिसते, पण विणणं-फाडणं हा प्रकार नाही.

घरात शाळेतलं मूल असेल आणि त्याच्यासाठीच हे चाललं असेल, तर मी अडचणीत पडतो. मुलाला फायडोलीचा वेग मानवतो, डोळ्यांना मुंगळा मानवतो. रोज नळी हलवून बघणारं मूल असेल तर मुंगळ्याची राणी नकोच. धक्क्यांनी ती घाबरते, आणि घाबरलेली राणी स्वतःची अंडी खाऊन टाकते. फायडोलीही असं करते, पण तिच्याकडे अंडी जास्त आणि सावरायला वेळ कमी लागतो.

पळ काढणं

पूर्वी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, मुंग्या आत येऊ नयेत म्हणून. इथे तीच युक्ती दोन्ही बाजूंनी कामाला येते. आपल्या मुंग्या बाहेर पडू नयेत हे खरंच, पण घरातल्या इतर बारीक मुंग्या वसाहतीवर धाड घालतात, हा धोका नवशिक्याच्या लक्षात येत नाही. पाच मुंगळ्यांची कोवळी वसाहत एका रात्रीत साफ होऊ शकते. परातीत पाणी, मधे विटकर, तिच्यावर डबा, एवढं पुरतं.

मुंगळा आडदांड असल्यामुळे कापसाचा घट्ट बोळा आणि काठाला टाल्कम पावडर-स्पिरिटचा लेप यांवर सांभाळता येतो. टाल्कम स्पिरिटमध्ये दाट कालवून डब्याच्या आतल्या काठाला बोटभर रुंद पट्टा ओढायचा. वाळला की मुंग्यांचे पाय घसरतात. पावसाळ्याच्या दमट हवेत हा लेप लवकर निकामी होतो, दर काही आठवड्यांनी पुन्हा लावावा लागतो. फायडोलीसाठी एवढं पुरत नाही. झाकणाच्या फटीतून, स्क्रूच्या भोकातून, नळीच्या जोडावरून ती वाट काढते. घर प्लास्टरचं असेल तर तेही कोरते. भाड्याच्या घरात, खाली घरमालक राहत असताना, हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा.

चावण्याचं म्हणाल तर मुंगळ्याला नांगी नाही. जबड्याने चिमटा काढतो आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो. मोठा मुंगळा चावला की रक्त येऊ शकतं. बारीक फायडोलीचा त्रास जाणवतही नाही.

कुठे ठेवायच्या

इथे फार तुलना करायची गरजच नाही, पण बाजारात सगळ्यात जास्त पैसे नेमके इथेच उडवले जातात. कोवळ्या वसाहतीला नळीच हवी. काचेची परीक्षानळी, तिसरा भाग पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, मग दुसरा बोळा. मुंगळ्यासाठी १६ बाय १५० मिलीमीटरची नळी योग्य. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात किरकोळीत मिळते. नळी ड्रॉवरमध्ये किंवा काळ्या कागदात ठेवायची, आठवड्यातून एकदाच पाहायची. ॲक्रिलिकचं देखणं दोन मजली घर पहिल्या दिवशी घेऊ नका. मोठ्या मोकळ्या जागेत पाच-दहा मुंग्या घाण एका कोपऱ्यात, अळ्या दुसऱ्यात असं करत बसतात, बुरशी येते आणि ओलावा कुठे आहे हे त्यांनाही कळत नाही, तुम्हालाही.

नळी अपुरी पडू लागली की पर्याय उघडतात. ॲक्रिलिक स्वच्छ दिसतं, पण ओलावा धरत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस ओलावा छान धरतं आणि तितकीच बुरशीही. मला सिपोरेक्सचा, म्हणजे बांधकामातल्या हलक्या सच्छिद्र विटेचा, तुकडा सगळ्यात पटतो: बांधकामावर फुकट मिळतो, स्क्रूड्रायव्हरने खोल्या कोरता येतात, वर काच चिकटवली की झालं, एका कडेला पाणी टाकलं की अर्धा ओला अर्धा कोरडा राहतो आणि मुंग्या आपल्याला हवी ती बाजू निवडतात. मुंगळ्यासाठी उत्तम. फायडोली मात्र हाही कोरते, म्हणून तिला एकमेकींना जोडलेल्या नळ्याच बऱ्या.

खाऊ देताना फरक लक्षात ठेवा. मुंगळे बाहेर मावा या झाडांचा रस शोषणाऱ्या किडीच्या गोड स्रावावर जगतात, म्हणून गुळाच्या पाण्याचा थेंब त्यांना रोज चालतो आणि आठवड्याला झुरळाचा एखादा पाय पुरतो. फायडोलीला मांस जास्त लागतं. वाढ वेगाची असल्यामुळे अळ्यांची भूक मोठी. डास मारायच्या रॅकेटमधले डास यासाठी फार सोयीचे. फवारा मारलेलं झुरळ मात्र कुणालाच नको, आणि लक्ष्मणरेषेचा खडू त्या खोलीत आणूही नका.

ज्या नाहीत घ्यायच्या

लाल अग्निमुंगी, सोलेनॉप्सिस जेमिनाटा, मुळची उष्णकटिबंधीय अमेरिकेची. आता आपल्याकडे सगळीकडे आहे. राण्या भरपूर सापडतात, वाढ झपाट्याची. पण तिला नांगी असते, एकदा निसटल्या तर घरभर होतात. पहिल्या वर्षी तरी नको.

कोकणात आंब्या-काजूवर पानं शिवून घरटी करणाऱ्या ओंबिलांचा मोह अनेकांना होतो, आणि तो मला समजतो. कामकरी अळीला तोंडात धरून तिच्या रेशमाने पानं सांधतात. असं काही फार थोड्या मुंग्यांकडे पाहायला मिळतं. ओडिशातल्या मयूरभंजमध्ये त्यांच्याच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्यांची मोठी वसाहत अनेक झाडांवर पसरते. फ्लॅटच्या बाल्कनीत त्यांना काय देणार? परसात कलमं असतील तर तिथेच बघा.

सह्याद्रीच्या रानात मिळणारी उडी मारणारी मुंगी, हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर, दिसायला अप्रतिम. तिची राणी कोंडून घेऊन उपाशी राहत नाही, स्वतः शिकारीला निघते. म्हणजे पहिल्या दिवसापासून जिवंत भक्ष्य पुरवा. अनुभव आल्यावर.

पकडलेली की विकत घेतलेली

पकडलेली, यात मला शंका नाही. तुमच्याच भागातली असते, हवामान मानवतं, फुकट असते आणि काही कारणाने पाळणं थांबवावं लागलं तर जिथे सापडली तिथे सोडता येते. विकत घेतलेल्या पार्सलमधली राणी उन्हाळ्यातल्या कुरिअरच्या गोदामातून आलेली असते, आणि ती कुठल्या राज्यातली हे विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर बहुतेकदा मोघम असतं. दुसरीकडची जात इकडे सोडायची नाही, हा एकच नियम कडक पाळा. परदेशी राण्यांच्या धंद्यात काय चालतं ते २०२५ मध्ये केनियात दिसलं: सुमारे पाच हजार राणी मुंग्या नळ्यांत भरून नेऊ पाहणाऱ्या दोन बेल्जियन तरुणांना न्यायालयाने दहा लाख केनियन शिलिंगांचा दंड केला. त्यातल्या मोठ्या तांबड्या मेसॉर सेफॅलोटीस राण्यांना परदेशातल्या हौशी लोकांत मागणी असते.

विकत घ्यायचा एकमेव रास्त फायदा म्हणजे पहिल्या कामकरी आलेल्या असतात; राणी फळलेली आहे याची खात्री मिळते. पाऊस हुकला असेल आणि वर्षभर थांबायचं नसेल, तर जवळच्या जिल्ह्यातल्या माणसाकडून, स्वतः जाऊन घ्या. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवून तिथली काळी बागमुंगी, लासियस नायजर, पाहावी. जुलै-ऑगस्टात राण्या उडतात, नळीत मुंगळ्यापेक्षा झटपट वाढतात. फक्त हिवाळ्यात काही महिने थंडीत झोपवाव्या लागतात. या जातीची एक राणी माणसाच्या देखरेखीखाली २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे, तेव्हा घेताना जरा विचार करून.

आपल्याकडे झोपवावं लागत नाही. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात दोघींची वाढ मंदावते, एवढंच. राणीने अंडी थांबवली म्हणून घाबरू नका. विदर्भातल्या मे महिन्यात उलट काळजी: नळी भिंतीला किंवा खिडकीला टेकवू नका, पाणी तापून आत दव धरतं आणि अळ्या बुडतात.

अजून निर्णय होत नसेल तर गणपतीत गावी किती दिवस जाता ते बघा. पाण्याची नळी भरलेली असेल तर मुंगळ्यांची लहान वसाहत आठ-दहा दिवस गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यावर निभावून नेते. चारशे फायडोली तेवढे दिवस सोडून गेलात, तर शेजाऱ्यांकडे किल्लीबरोबर डासांची डबीही द्यावी लागेल.