सल्फेट की चिलेट? खानदेशातील चुनखडीयुक्त जमिनीसाठी जस्त आणि लोह यांची निवड

यावल-रावेरकडील केळीबागेत किंवा तापीकाठच्या कपाशीत जस्त वा लोह कमी पडले की सल्फेट (साधा विद्राव्य क्षार) घ्यावे की चिलेट (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले अन्नद्रव्य), हा प्रश्न बहुधा किमतीवरून सोडवला जातो. वास्तविक तो कोणते अन्नद्रव्य कमी आहे आणि जमिनीत चुनखडी किती आहे, यावरून सोडवायला हवा.

येथील काळी जमीन बेसाल्टची किंवा नद्यांनी आणलेल्या त्याच खडकाच्या गाळाची आहे. बेसाल्टमध्ये किलोमागे सुमारे 100 मिलिग्रॅम जस्त असते, तरी डीटीपीए पद्धतीच्या माती परीक्षणात उपलब्ध, म्हणजे पिकाला घेता येणारे, जस्त 0.6 मिलिग्रॅमपेक्षा कमी निघणे नवलाचे नाही. साठा असून तो पिकाला मिळत नाही, याचे कारण सामू (पीएच), मुक्त चुना आणि सेंद्रिय कर्ब. सामू एका अंकाने वाढला की जस्ताची विद्राव्यता साधारण 100 पटीने, तर फेरिक (ऑक्सिडीकरण झालेल्या) लोहाची 1000 पटीने घटते. सपाटीकरणात वरचा थर निघून गेलेल्या जागी कर्ब कमी आणि चुनखडी उघडी असते. म्हणून एकाच शेतात हिरवे-पिवळे पट्टे दिसतात.

जस्तासाठी माझा कौल सल्फेटला आहे. हेक्टरी 20 ते 25 किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून दिल्यास त्याचा परिणाम पुढील पिकांनाही मिळतो. मात्र ते डीएपी या स्फुरदयुक्त खतात मिसळू नये, कारण अविद्राव्य झिंक फॉस्फेट तयार होते. ईडीटीए या रेणूने बांधलेले जस्ताचे चिलेट प्रभावी असले, तरी त्याचा जादा खर्च उभ्या पिकातील फवारणीपुरताच पटतो.

लोहाचे गणित उलटे आहे. चुनखडीत टाकलेल्या फेरस सल्फेटचे ऑक्सिडीकरण होऊन ते लवकरच निरुपयोगी होते, आणि स्वस्त पडणारे लोह-ईडीटीएही तेथे टिकत नाही, कारण कॅल्शियम लोहाची जागा घेते. जमिनीतून किंवा ठिबकमधून द्यायचे असेल, तर महाग असले तरी चुनखडीतही टिकणारे लोह-ईडीडीएचए हे चिलेटच घ्यावे. अन्यथा फेरस सल्फेटची 0.5 टक्क्याची फवारणी पुन्हा पुन्हा करावी. कपाशीच्या लाल्याला (पाने लाल पडण्याच्या विकृतीला) मात्र यांपैकी काहीही लागू नाही. तेथे मॅग्नेशियम आणि नत्र पाहावे.

परीक्षणासाठी माती गंजक्या खुरप्याने काढू नये किंवा जस्ताच्या बादलीत गोळा करू नये. अहवालात भांड्याचेच जस्त मोजले जाते.