मावळतीच्या उन्हातला कलर चार्ट

खिशात मावणारा, प्लास्टिकच्या डबीत बसवलेला 24 रंगीत चौकोनांचा कलर चार्ट मी संध्याकाळच्या छायाचित्रांतले रंग खरे उतरावेत म्हणून घेतला आणि पहिल्याच दिवशी फसलो. डबीच्या झाकणात असलेला करडा फलक उन्हाकडे धरून त्याचे छायाचित्र घेतले, संगणकावर त्या करड्यावरून व्हाइट बॅलन्स (प्रकाशाची झाक काढून पांढरे-करडे तटस्थ दाखवणारी जुळणी) ठरवला, आणि झाडांच्या शेंड्यांवरचे केशरी ऊन पार पुसले जाऊन दुपार कलतानाचे वाटावे असे फिकट ऊन तिथे आले. यात चार्टचा दोष नव्हता. करडा रंग करडा दिसावा एवढेच त्या फलकाला येते आणि ते त्याने चोख केले होते. मात्र मावळतीला करडी वस्तू आपल्या डोळ्यांनाही सोनेरीकडे झुकलेली दिसते, आणि छायाचित्र काढायचे ते त्या झुकण्यासाठीच.

दुपारच्या उन्हाचे रंगतापमान, म्हणजे प्रकाश किती पिवळा वा निळा हे सांगणारा आकडा, साधारण 5500 केल्विन असते; आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा. सूर्य क्षितिजाजवळ आला की किरणांना हवेचा कितीतरी जाड थर ओलांडावा लागतो, वाटेत निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि हे तापमान 3000 केल्विनच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स या उताराला बिघाड समजून तो भरून काढू पाहतो. फलक वापरून मी तेच अधिक काटेकोरपणे केले होते, इतकेच.

आता मी व्हाइट बॅलन्स दुपारच्या उन्हाजवळच्या 5200 केल्विनवर कायम ठेवतो, म्हणजे संध्याकाळची केशरी झाक टिकते, आणि चार्टकडून दुसरेच काम घेतो, ते म्हणजे कॅमेऱ्याचे रंग-प्रोफाइल (कॅमेऱ्याच्या रंगचुकांची दुरुस्ती सांगणारी फाइल) बनवणे. चौकोनांची ही मांडणी 1976 साली मॅकबेथ कंपनीच्या मॅकॅमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिच्या पहिल्या ओळीत त्वचेच्या दोन छटा, आकाशाचा निळा आणि पानांचा हिरवा असे रोजच्या दृष्टीतले रंग येतात. प्रत्येक चौकोनाचे मूळ मूल्य सॉफ्टवेअरला ठाऊक असल्यामुळे कॅमेऱ्याने नोंदवलेला रंग त्यापासून किती ढळला, हे मोजून ते लाल, हिरवा, जांभळा यांना वेगवेगळी दुरुस्ती देते. माझ्या कॅमेऱ्यात संध्याकाळी लाल कपडा नारिंगी दिसे आणि जांभळी फुले निळी पडत. प्रोफाइल लावल्यावर दोन्ही जागेवर आले, तेही सॅच्युरेशनची (रंगांच्या गडदपणाची) पट्टी न ओढता. चित्र भडक न होता रंग भरून येतात ते इथे, आणि या एका गुणासाठी चार्टचे पैसे वसूल झाले असे मी मानतो.

प्रोफाइल मात्र ऐन मावळतीला बनवू नये. त्या वेळी एका बाजूने पिवळे ऊन आणि दुसऱ्या बाजूने आकाशाचा निळा उजेड येत असतो, त्यामुळे चार्ट थोडा कलला तरी सगळे आकडे बदलतात. सूर्य 4 मिनिटांत सुमारे 1 अंश सरकतो, म्हणजे सावकाश चौकट जुळवेपर्यंत प्रकाशच दुसरा होतो. मी एक छायाचित्र भर दिवसाच्या प्रकाशात आणि एक जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्याखाली घेऊन दोन्हींचे मिळून प्रोफाइल केले. ठरवलेल्या व्हाइट बॅलन्सनुसार सॉफ्टवेअर या दोहोंमधली दुरुस्ती स्वतःच काढते.

पांढऱ्या कागदाने काम भागेल का, असे अनेक जण विचारतात. बहुतेक पांढऱ्या कागदांत चकाकी आणणारी द्रव्ये असतात, जी अतिनील किरण शोषून निळा प्रकाश देतात. सूर्य खाली जाताना अतिनील किरणांचा वाटा घटतो आणि कागदाचा पांढरेपणाच बदलतो. चार्टचे करडे तसे फसवत नाहीत.

तक्रारीही आहेत. तिरप्या उन्हात चौकोनांवर चमक येते आणि ती टाळण्यासाठी डबी नेमक्या कोनात धरावी लागते. बिजागरी सैल असल्याने वाऱ्यात झाकण मिटते. चार्ट चौकटीत लहान आला तर सॉफ्टवेअरला तो सापडत नाही, मग चारही कोपरे हाताने दाखवावे लागतात. रंग काळानुसार फिके पडतात, तेव्हा डबी उन्हात उघडी टाकू नये.

ढगांतला तांबडा जास्त उजेडाने जळाला असेल तर मात्र हा चार्ट काहीच करू शकत नाही. एकत्रित हिस्टोग्राममध्ये (छायाचित्रातल्या उजळ-गडद भागांच्या आलेखात) लाल रंगाचे वजन हिरव्यापेक्षा बरेच कमी असते, त्यामुळे तो आलेख सुरक्षित दिसत असतानाही लाल चॅनेल (लाल रंगाची वेगळी नोंद) काठाला टेकून गेलेला असतो आणि केशरी ढगाच्या जागी सपाट पिवळा डाग उरतो. तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख पाहून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) पाऊण ते एक स्टॉप कमी करणे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, छायाचित्र घेणे, हाच त्यावर उपाय, आणि त्याला काही विकत घ्यावे लागत नाही. ज्यांना केवळ आकाश टिपायचे आहे त्यांनी एवढेच करावे. माणसे, फुले किंवा कापड यांचे रंग हुबेहूब हवे असतील त्यांनी चार्ट घ्यावा.

सूर्य बुडाल्यावर मी डबी पिशवीत ठेवतो. डोक्यावरच्या आकाशाचा त्या वेळचा गडद निळा बराचसा ओझोनच्या थरामुळे येतो, आणि तेव्हा फलकावरून व्हाइट बॅलन्स ठरवला की केशरी उन्हाचे जे झाले तेच त्या निळ्याचे होते.