दीवार की शक्ती?

दोन्ही पिक्चर सलीम-जावेद या लेखकजोडीचे, दोन्हीत अमिताभ आणि दोन्हीत त्याचं नाव विजयच, त्यामुळे एकच बघायचा तर कुठला हा प्रश्न येतोच. दीवार (१९७५) यश चोप्रांचा, मुंबईच्या गोदीतला हमाल स्मगलर होतो, धाकटा भाऊ रवी इन्स्पेक्टर, मधे आई. (धाकटा झालेला शशी कपूर प्रत्यक्षात अमिताभपेक्षा मोठा, पण ते खटकत नाही.) स्पीड जबरदस्त, डायलॉग तर घराघरात पाठ. आणि आई निरुपा रॉय, विजयवर जास्त जीव असूनही रवीबरोबर घर सोडून जाते, पुढे रवीच्या हातात पिस्तूल पण तीच देते, यार काय सीन आहे तो!

शक्ती (१९८२) रमेश सिप्पींचा, जरा संथ आहे, मधे थोडा रेंगाळतो पण. इथे पोलीस बापच आहे, दिलीप कुमार. पोराला किडनॅप करतात आणि बाप फोनवर सरळ सांगतो की पोरगा गेला तरी चालेल पण कैदी सोडणार नाही, आणि ते पोरगं तिकडे ऐकत असतं. बस, पुढचा सगळा पिक्चर त्या एका फोनवर उभा आहे. दीवारमधे राग जगावर आहे, इथे थेट बापावर, म्हणून जास्त लागतो. दिलीप कुमार समोर असल्याने अमिताभही आवाज न चढवता खेळतो, नुसत्या डोळ्यांनी.

मित्रांबरोबर टाइमपास बघायचा असेल तर दीवारच लावा. माझं मत मात्र शक्तीला, फक्त वडिलांशी नुकतंच भांडण झालं असेल तर त्या दिवशी नको.