द्राक्षबागेतली कॉटेज आणि माझे २६,००० रुपये

नेटवर सापडलेल्या नंबरवर पैसे टाकू नका. यूपीआयवर हॉटेलचं नाव न दिसता भलत्याच कुणाचं नाव दिसलं तर तिथंच थांबा. मला दिसलं होतं. विचारलं, तर म्हणे 'आमच्या अकाउंटंटचं खातं आहे.'

सासूबाईंना सप्तशृंगीचं दर्शन घ्यायचं होतं. गुडघ्यांमुळे पायऱ्या जमत नाहीत, पण गडावर आता ट्रॉली आहे. सुट्टीत गडावर गर्दी, म्हणून मुक्काम दिंडोरीकडच्या वाइनच्या द्राक्षबागेत ठरवला. दोन कॉटेज, दोन रात्री, २२,०००. आधी ११,००० अ‍ॅडव्हान्स. मग 'आजच पूर्ण भरा, हजार सूट' म्हणून १०,०००. वर ५,००० अनामत, 'निघताना परत'. जीएसटी नंबरची, शिक्क्याची पावती आली. कुणाला शंका येईल?

खरा जळफळाट पुढच्या गोष्टीचा. फोनवरचा बुकिंगवाला म्हणाला, "मॅडम, दिवाळीत या, मुलांना घड तोडायला मिळतील, द्राक्षं पायानं तुडवायलाही मिळतील." दिवाळीत! माझं माहेर कडवंचीचं; जालना जिल्ह्यात द्राक्ष म्हटलं की आमचंच गाव. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या कोंबांना, फुटण्यासाठी पेस्ट लावायला आम्ही शाळा बुडवायचो. दिवाळीत वेलीवर फार तर कोवळी फूट. वाइनची द्राक्षंसुद्धा साधारण जानेवारीपासूनच तोडतात. आणि मी काय म्हणाले? "अय्या, छान!" कढईत चकल्या होत्या, फोन खांद्याला, आणि वाटलं वाइनचं वाण वेगळं असेल, लवकर येत असेल.

तिथं पोचलो तर गेटवरच्या वॉचमननं माझ्या हातातला फोन बघूनच विचारलं, "त्या नंबरवाले का?"

तिकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे तुमच्या गावाहून गेले, तिकडे जा. इकडे म्हणाले, घटना नाशिककडची. हद्द कुणाचीही असो, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, कायद्यातच आहे. हे मी म्हटल्यावर साहेब हसले आणि स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट आणायला सांगितल्या. आणल्या, तर दोन सेट पाहिजेत. एक हवालदार तर म्हणाला, "देवीला गेलते का दारूच्या गावाला?" सासूबाई शेजारी उभ्या! बँकेचं एकच पालुपद: पिन तुम्हीच टाकला. अहो, मीच टाकला, पण कुणाला फसून टाकला ते तर ऐका!

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लगेच करा, त्याच तासाला. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. आम्ही आधी घरच्यांशी भांडलो, रात्र काढली, मग फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. पैसे नाहीत.

तो नंबर अजून चालू आहे. परवा डीपी पाहिला, आता म्हैसमाळच्या कॉटेजचा फोटो लावलाय. तिकडे जाणार असाल तर भाडं खोली बघूनच द्या.