लाइनवरचे सेफ्टी शूज: नऊ महिन्यांनी सोल सुटला

परवा सोलापुरात होटगी रोडला विजेच्या पोलवरून उतरलो आणि उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला. अडीच हजारांचे, कंपोझिट टोचे (बोटांवर धातूची नसलेली कडक टोपी), ईएच शिक्क्याचे (वीज अडवणारे) बूट. दुकानात म्हणाले, वॉरंटी सहा महिन्यांची, तुमचे नऊ झाले. सात रस्त्याजवळच्या मोचीकाकांकडे नेले, तर ते म्हणाले, "दोन चुका ठोकतो, वर्षभर हलायचं नाही बघा." मी बूट परत घेतला. आपल्या आणि जमिनीच्या मध्ये तेवढा सोलच असतो, त्यात आपणच लोखंड कसं घालायचं?

रात्रभर कंपनीवर चिडलेलो होतो. सकाळी बुटाची जीभ उलटली, तर आत बनवल्याचा महिना आणि वर्ष होतं. मी घेतले त्याच्या तीन वर्षं आधीचं! पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल खोक्यात पडून असला तरी हवेतल्या ओलाव्याने पिचत जातो. म्हणजे कंपनीवरचा राग चुकीचा होता. जुना माल दुकानदाराने गळ्यात मारला आणि मी तारीख बघितली नाही.

त्याआधीची जोडी तर 'शॉकप्रूफ' म्हणून विकली होती. शिक्का अँटीस्टॅटिकचा! दोन वर्षं मी ती घालून डीपीवर काम केलं. अँटीस्टॅटिक बूट अंगावरचा स्थिर चार्ज जमिनीत उतरवायला असतो, त्याचा रोध १ लाख ते १०० कोटी ओहमच्या मध्ये ठेवलेला असतो. आपल्याला हवा तो वीज अडवणारा. अमेरिकन मानकात ईएच बुटाला १८,००० व्होल्ट एक मिनिट देतात आणि गळती १ मिलीअँपच्या आत लागते. पण ही चाचणी कोरड्या बुटाची. मोहोळकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात सोलला शेर-शेर चिखल चिकटतो, तेव्हा त्या आकड्यावर जाऊ नका. शटडाउन (लाइन बंद करणं), लाइन जमिनीला जोडणारा अर्थिंग रॉड, ग्लोव्हज आधी; बूट त्यानंतर.

आरामाबद्दल मत बदललं. पहिले दोन महिने करंगळी सोलून निघायची, मी पुढच्या कडक टोपीला दोष देत होतो. खरं तर सकाळी माप दिलं होतं, आणि मे महिन्यात इथल्या उन्हात संध्याकाळपर्यंत पाय सुजतो. जाड मोजे घालून संध्याकाळीच माप द्या. टाच मात्र झकास, पोलच्या लोखंडी अँगलवर घट्ट अडकते.

काट्यांसाठी आत धातूची पट्टी नको, कापडी थराची घ्या. बाभळीचा काटा माझ्या सोलमधून आरपार आला होता. भोक पडलं की ओल तिथूनच आत शिरते.

नवीन जोडी शनिवारी संध्याकाळी आणली, आधी जीभ उलटून तारीख बघितली. जुने बूट वडील शेतातली मोटार चालू करायला मागत होते. दिले नाहीत, सोल कापून टाकले.