शिजवलेला सॅल्मन: बरेच महिने खाल्ल्यावर सांगतो, पैसे नेमके कशाचे मोजतो आपण

सॅल्मन घ्यावा का, एवढं काय असते त्याच्यात, असं गावातले बरेच जण विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितो. आम्ही भंडारा जिल्ह्यातले, पवनीकडले, मासे काही आम्हाला नवीन नाहीत, तलावाचा रोहू, कटला, मरळ, पावसाळ्यात झिंगे, हे लहानपणापासूनचं खाणं आहे. सॅल्मन घरात आला तो बाबांमुळे. त्यांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेलं निघालं, व्हिटॅमिन डी पण कमी, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या तर दिल्याच पण म्हणाले की मटण कमी करा आणि आठवड्यातून एक-दोनदा सॅल्मनसारखा तेलकट मासा खात जा. दिवाळीनंतर सुरू केलं ते अजून चालू आहे.

आधी सगळ्यात मोठा गैरसमज. प्रोटीनसाठी सॅल्मन घेत असाल तर घेऊ नका भाऊ. पाळलेला, म्हणजे समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेला अटलांटिक सॅल्मन, शिजवल्यावर १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन देतो, कॅलरी २०६ च्या आसपास. चांगलंच आहे ते, पण आपला रोहू कच्चा असतानाच १६-१७ ग्रॅम देतो आणि शिजून पाणी उडालं की तोही विशीच्या आसपास जातो, म्हणजे फार काही मागे नाही. आमच्या घरची पहिल्याच दिवशी पाकिटाची किंमत पाहून म्हणाली, "एवढ्या पैशात तं चार किलो रोहू येते," आणि प्रोटीनचाच हिशोब केला तर तिचं शंभर टक्के बरोबर आहे.

पैसे आहेत ते चरबीचे. ऐकायला विचित्र वाटते, आपण आयुष्यभर चरबी काढून टाका हेच ऐकलं, पण सॅल्मनमध्ये शिजवल्यावर १०० ग्रॅमला १२ ग्रॅमच्या वर फॅट असते आणि त्यातली सॅच्युरेटेड, म्हणजे जी कमी खा म्हणतात ती, फक्त अडीच ग्रॅमच्या जवळपास. उरलेल्यात जे ईपीए आणि डीएचए नावाचे दोन ओमेगा-३, म्हणजे शरीराला लागणाऱ्या चांगल्या चरबीचे प्रकार, आहेत ते मिळून २ ग्रॅमच्या थोडं वर भरतात. मोठ्या माणसाला रोजचे २५० मिलिग्रॅम पुरेत असं साधारण धरतात, म्हणजे आठवड्याला १०० ग्रॅमचा एक तुकडा जरी पोटात गेला तरी सात दिवसांवर वाटून रोजचे ३०० मिलिग्रॅम पडतात. हा हिशोब मला फार कामाचा वाटला, काऊन का यानंतर घरात भांडण मिटलं, रोज खायचं नाही, किलोकिलो आणायचं नाही, आठवड्याला माणशी एक तुकडा, बाबांना दोन. अमेरिकेतली हार्ट असोसिएशन आठवड्याला दोनदा मासे खा म्हणते आणि एका वेळचा वाटा शिजवलेला ८५ ग्रॅम धरते, म्हणजे हातभर तुकडा लागतच नाही.

आता कोणी म्हणेल की आपल्याकडे जवस आहे की, ओमेगा-३ तं त्याच्यातही असते. असते, भरपूर असते, आणि जवसाची चटणी आमच्या ताटातून कधीच जाणार नाही. पण जवसातला ओमेगा-३ वेगळा, एएलए, आणि शरीर त्यातला फारच थोडा भाग ईपीए-डीएचए मध्ये बदलू शकते. डीएचए तर अगदी नाममात्र. म्हणून शाकाहारी माणसाने जवस जरूर खावं, पण मासे खाणाऱ्याने जवस खाल्लं म्हणजे माशाचं काम झालं असं समजू नये. माझी भाची गरोदर आहे, तिच्यासाठी हीच गोष्ट महत्त्वाची होती, बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना डीएचए लागते आणि सॅल्मनमध्ये पाराही कमी असतो, मोठ्या शिकारी समुद्री माशांसारखं नाही. फक्त पूर्ण शिजलेला. कच्चा किंवा नुसता धुरावलेला, जो थंडच खातात, तो गरोदर बाईला अजिबात देऊ नका, आणि त्या धुरावलेल्यात मीठही भयंकर असते.

दुसरी मोठी गोष्ट व्हिटॅमिन डी. अंड्याचा बलक सोडला तर आपल्या रोजच्या जेवणात ते जवळपास नसतेच. शिजवलेल्या सॅल्मनच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) निघते, मोठ्या माणसाची दिवसाची गरज ६०० धरतात. बी-१२ पण २.८ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या दिवसाचा कोटा पूर्ण. सेलेनियम नावाचं खनिज चाळीस मायक्रोग्रॅमच्या वर. पण लोह नावापुरतं, अर्धा मिलिग्रॅम पण नाही, आणि काटे काढलेल्या तुकड्यात कॅल्शियम १५ मिलिग्रॅमच्या आसपास, त्यापेक्षा तलावातली बारीक मासोळी काट्यासकट चावून खाल्ली तर कॅल्शियम कितीतरी जास्त मिळेल. फायबर शून्य. म्हणून ताटात अंबाडीची भाजी, वरण, भात हे सगळं पाहिजेच, नुसता मासा खाऊन कोणाचं भलं होत नाही.

आता पाकिटावरच्या आकड्यांचं. पाकिटावर बहुतेक कच्च्या माशाचे आकडे असतात आणि मोबाईलवर शोधलं की कधी कच्च्याचे येतात कधी शिजवलेल्याचे, म्हणून लोक गोंधळतात. मासा शिजला की पाणी जाते, वजन घटते, आणि उरलेल्यात सगळं घट्ट होते. जंगली अटलांटिक सॅल्मनचं उदाहरण घ्या, कच्चा असताना १०० ग्रॅमला १४२ कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन, शिजवल्यावर त्याच १०० ग्रॅमला १८२ कॅलरी आणि २५ ग्रॅम. प्रोटीन काही तव्यावर तयार झालं नाही, पाणी कमी झालं एवढंच. आमच्या वजनकाट्यावर १२५ ग्रॅमचा कच्चा तुकडा शिजून शंभरच्या आसपास येतो, तर ताटात शंभर पाहिजे असेल तर सव्वाशे काढायचा.

शिजवण्यावर मी मुद्दाम जास्त लिहितो कारण पैसे इथंच वाया जातात. आपली सवय काय, मासा म्हटला की तिखट-हळद लावून कढईत भर तेलात तळायचा. सॅल्मनला हे करू नका. त्याची स्वतःची चरबी तेलात उतरते, व्हिटॅमिन डी तेलासोबत जाते आणि कढईतलं स्वस्त तेल माशात शिरते, मग उरते काय? आम्ही करतो ते असं. गोठलेला तुकडा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सोडवायचा, फडक्याने चांगला कोरडा करायचा, मीठ, हळद, लसूण, थोडं लिंबू, बास. लोखंडी तवा मध्यम तापवायचा, अर्धा चमचा तेल, आणि कातडीची बाजू खाली. पाच-सहा मिनिटं हात लावायचा नाही. कडेने पाहत राहायचं, खालून वर फिकट गुलाबी रंग चढत जातो, अर्ध्याच्या वर चढला की उलटवून झाकण ठेवून दोनेक मिनिटं. चमच्याची कड दाबली की पाकळ्या आपोआप सुटल्या आणि आत ओलसर चकाकी राहिली नाही म्हणजे झाला. आतलं तापमान मोजायचा थर्मामीटर असेल तर आत ६३ डिग्री सेल्सिअस. आच जास्त झाली की वरून दह्याच्या कवडीसारखं पांढरं बाहेर येते, ते खराब काही नाही, माशातलंच प्रोटीन आहे, पण ते फार दिसायला लागलं की मासा कोरडा चालला असं समजा. कातडी कुरकुरीत झाली तर तीही खा, तिच्या खालीच चरबीचा पातळ थर असतो. रस्सा करायचा असेल तर रस्सा आधी पूर्ण शिजवून मग तुकडे शेवटी सोडा, आणि रस्साही प्या, उतरलेली चरबी त्यातच आहे.

घेताना एक बघा. काही ठिकाणी इंडियन सॅल्मन म्हणून रावस देतात. रावस चांगला मासा आहे, चवीला तर फारच, पण तो सॅल्मनच्या कुळातला नाहीच, हे वरचे आकडे त्याला लावू नका आणि सॅल्मनचा भाव त्याला देऊ नका. नागपुरातल्या एका दुकानातून आम्हाला एकदा असं पाकीट मिळालं की ज्याच्या आत बर्फाचे मोठे खडे आणि तुकड्याच्या कडा पांढऱ्या सुकलेल्या, म्हणजे कुठंतरी विरघळून परत गोठवलेला. शिजवला तर भुसभुशीत आणि वास उग्र. तेव्हापासून आम्ही पाकीट हातात घेऊन दाबून पाहतो, आत बर्फ खुळखुळला की परत ठेवतो. आणायला थर्माकोलचा डबा आणि बर्फ, आणि घरी आल्याआल्या एकेका वेळचे तुकडे वेगळे करून फ्रीजरमध्ये.

बाबांचं सांगतो, सगळे तेच विचारतात. ट्रायग्लिसराइड उतरलं, चांगलं उतरलं, व्हिटॅमिन डी पण वर आलं. पण गोळी चालू आहे, डी चा डोज चालू होता, संध्याकाळी धुऱ्याधुऱ्याने फिरतात आणि मटण पंधरवड्यावर गेलं, तर सगळं श्रेय माशाला देणं बरोबर नाही आणि कोणी सॅल्मनच्या भरवशावर गोळी बंद करत असेल तर कृपा करून करू नका. रक्त पातळ करायची गोळी असेल तर डॉक्टरला विचारून खा. मला जो फरक स्वतः दिसला तो हा की बाबांना रात्रीच्या जेवणात मटणाची आठवण येत नाही, पोट भरते आणि जड पडत नाही, त्यांच्या वयात हे लय झालं.

परवडायचं म्हणाल तर दर महिन्याला जमतेच असं नाही. धानाचे पैसे अडकले की आम्ही बाबांचा वाटा चालू ठेवतो आणि बाकीचे रोहूवर येतो. आणि एप्रिल-मे मध्ये आणायचाच नाही असं ठरवलं आहे, दुपारी तीन-चार तास लाइट जाते, फ्रीजर पाणी सोडते, आणि एवढा महागाचा मासा विरघळून परत गोठला की टाकावाच लागतो. पाऊस पडून लाइटचं ठिकाणावर आलं की पुन्हा पहिलं पाकीट.