स्मार्ट प्लग, सेन्सरचा दिवा आणि सासूबाई: नऊ महिन्यांचा अनुभव

दिवाळीआधी घर रंगवायला काढलं, त्याच खर्चात 'स्मार्ट' होण्याची, म्हणजे घरातल्या वस्तू मोबाईलवरच्या ॲपने चालवण्याची हौसही भागवून घेतली. नाशिकमधला टू बीएचके, बिल्डिंग १९९६ ची. आम्ही दोघं, कॉलेजातली मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. लहानमोठ्या बारा वस्तू बसवल्या.

पहिलं घोडं भिंतीतच अडलं. स्मार्ट स्विच म्हणजे बोर्डाच्या मागे बसणारा काडेपेटीएवढा मॉड्यूल. जुनी बटणं तशीच राहतात, म्हणून मला तो आवडला. पण त्याला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार लागते, आणि जुन्या वायरिंगमध्ये बटणांपर्यंत बहुतेकदा नुसता फेज, म्हणजे वीज आणणारी तार आलेली असते. वायरमनने बोर्ड उघडला, टेस्टर लावला नि म्हणाला, "ताई, जिथं प्लग पॉइंट आहे तिथंच न्यूट्रल आलंय, त्याच बोर्डात होईल. बाकीकडे भिंत फोडायची का?" भिंतीवरचा रंग अजून वाळायचा होता. नको म्हटलं. बेडरूमचा दिवा आजही उठूनच बंद करावा लागतो. तुम्ही वायरमनला रंगाऱ्याच्या आधी बोलवा.

सगळ्यात कामाला आला तो गिझरचा स्मार्ट प्लग. गिझर १५ लिटरचा, २००० वॅटचा, त्यामुळे प्लग १६ अँपिअरचाच घेतला. साडेपाचला चालू, साडेसातला बंद. विसरलेला गिझर तासाला दोन युनिट खातो असं सगळे छातीठोक सांगतात, ते खरं नाही. पाणी तापलं की आतला थर्मोस्टॅट वीज तोडतो, मग पाणी निवेल तसा गिझर अधूनमधून लागतो. म्हणजे वीज वाचते, पण जाहिरातीत दाखवतात तेवढी नाही. माझा खरा फायदा वेगळाच: ऑफिसच्या रस्त्यावर अर्ध्यात "गिझर बंद केला का गं?" हा नवऱ्याचा फोन येणं थांबलं.

बिलात फरक पडला तो पंख्यांमुळे. दोन जुने पंखे काढून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे लावले. जुना ७५ वॅट घ्यायचा, नवा फुल स्पीडला ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर दोन्ही पंख्यांचे मिळून महिन्याला ३२ युनिट वाचतात. आमचं बिल उन्हाळ्यात ३०० युनिटांच्या काठावर असतं, ते ओलांडलं की पुढचा महाग स्लॅब लागतो, म्हणून हे ३२ मोलाचे. यात ॲपचं कर्तृत्व काहीच नाही, सगळी करामत मोटरची. उलट बारा स्मार्ट वस्तू नुसत्या जाग्या राहायला प्रत्येकी एक वॅट घेतात असं धरलं, तरी महिन्याला आठ-नऊ युनिट त्यातच जातात.

आता तक्रारी. ॲपचा हुकूम वस्तूपर्यंत पोचवणारं एका कंपनीचं सर्व्हर जूनमध्ये अर्धा दिवस झोपलं. घरात वीज आहे, वायफाय आहे, आणि ॲपमध्ये नुसतं चक्र फिरतंय! जुनी बटणं होती म्हणून निभावलं. दुसरं, वीज जाऊन आली की काही प्लग आपणहून चालू होतात. आम्ही गावी असताना वीज गेली-आली आणि गिझर रात्रभर चालू राहिला. ॲपमध्ये 'वीज आल्यावर बंद' अशी सेटिंग असते, ती पहिल्या दिवशीच करा. राउटरलाही छोटा यूपीएस द्या, नाहीतर वीज गेल्यावर बॅटरीवरचा डोअरबेल कॅमेराही आंधळा. स्वस्तातल्या बऱ्याच वस्तू २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायवर चालतात, राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवर नाही; हे कळेपर्यंत माझा एक अख्खा रविवार गेला.

बोलून दिवे लावायचा स्पीकर मुलीच्या गाण्यांपुरता उरला. सासूबाईंनी त्याला दोनदा "अगं बाई, दिवा लाव" म्हणून पाहिलं, मग नाद सोडला.

पण पॅसेजमधला सेन्सरचा दिवा! रात्री त्यांना दोन-तीनदा बाथरूमला जावं लागतं. पूर्वी भिंत चाचपत बटण शोधायच्या, कधी आमची झोप मोडू नये म्हणून अंधारातच जायच्या. आता खोलीच्या दारात पाऊल पडलं की गुडघ्याच्या उंचीवर मंद पिवळा उजेड पडतो, दोन मिनिटांनी आपोआप विझतो. कधीमधी शेजारच्या मांजरासाठीही लागतो, लागू दे.

"हे कसलं खूळ" असं दिवाळीत म्हणणाऱ्या सासूबाईंनी परवा विचारलं, "अगं, तसाच एक देवघरात बसेल का?" देवघराच्या बोर्डावर प्लग पॉइंट नाही. रविवारी वायरमनला बोलावलंय.